एक मस्केट, त्रेचाळीस चित्रं : द खेनच्या १६०७ सालच्या पुस्तकाचं प्रकरण

फुगीर तुमान, पिसांची टोपी, खांद्यावरून आडवा पट्टा आणि त्याला लोंबणाऱ्या लाकडी नळकांड्या. एका हातात मस्केट ही जड बंदूक, दुसऱ्या हाताच्या बोटांत जळत्या दोरीचा तोडा आणि बेचक्याची काठी. जुन्या युरोपी बंदुकधाऱ्याचं असं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणार, इतिहासाच्या पुस्तकात नाहीतर एखाद्या संग्रहालयाच्या भिंतीवर. खूपदा त्याचं मूळ एकाच पुस्तकात सापडतं. याकोब द खेन या डच चित्रकाराच्या नावाने १६०७ साली हेगमध्ये निघालेल्या त्या पुस्तकाचं नाव 'वापेनहांडेलिंघे', म्हणजे शस्त्र हाताळण्याची रीत. त्यात तीन भाग आहेत. 'रुर' या हलक्या बंदुकीची ४२ चित्रं, मस्केटची ४३ आणि लांब भाल्याची ३२, अशी एकूण ११७ ताम्रपटचित्रं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं.

युद्धशास्त्रावरच्या जुन्या पुस्तकांच्या नादाला लागलेला प्रत्येक जण कधीतरी या पुस्तकापाशी येतो. पायदळाने फैरीमागून फैर अखंड झाडण्याची युक्ती हॉलंडमध्ये रुजली आणि तिथून युरोपभर गेली, असं सांगताना हमखास याच पुस्तकाचा दाखला दिला जातो. मीही अनेक वर्षं तसंच समजत होतो. मग एका पावसाळ्यात ११७ चित्रं पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने, एकही न गाळता पाहिली, आणि लक्षात आलं की ज्या युक्तीसाठी हे पुस्तक ओळखलं जातं ती युक्ती यात कुठेच नाही. मग पुस्तकात आहे तरी काय, आणि उरलेलं कुठे गेलं? हे प्रकरण त्याच प्रश्नाचं आहे.

अडचण होती बंदुकीची

स्पेनच्या राजवटीविरुद्ध डच प्रांतांचं बंड १५६८ पासून चाललं होतं. समोर त्या काळातलं युरोपातलं सर्वांत मुरलेलं पायदळ. बंडाचा नेता विल्यम याचा १५८४ मध्ये डेल्फ्टला खून झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा माउरिट्स १७ वर्षांच्या वयात हॉलंडचा स्टाटहाउडर, म्हणजे प्रांताचा मुख्य अधिकारी, झाला. लायडनच्या विद्यापीठात शिकलेला, गणिताची आवड असलेला हा तरुण. त्याला साथ होती दोन चुलतभावांची : फ्रीसलंडचा स्टाटहाउडर विलेम लोडेवाइक आणि त्याचा सख्खा भाऊ, नासाउ-सीगनचा योहान. या प्रकरणातली डोकी हीच तीन. द खेनचा हात त्यांच्या नंतर येतो.

मस्केटचा मार जबरदस्त होता. पण ती सहा-सात किलोंची, बेचक्यावर टेकवल्याशिवाय नेम धरता येत नसे, आणि एकदा उडवली की पुन्हा भरायला मिनिटभर तरी सहज जाई. तेवढ्यात शत्रूचे घोडेस्वार अंगावर येत. म्हणून बंदुकधाऱ्यांना जवळपास साडेपाच मीटर लांबीच्या भाल्यांच्या आडोशाला उभं करत. रिकामी बंदूक घेतलेला माणूस त्या मिनिटभरापुरता निव्वळ ओझं असे.

यावर विलेम लोडेवाइकला उपाय सुचला तो जुन्या ग्रंथांतून. एलिआन या ग्रीक लेखकाचा रोमन सम्राटांच्या काळात लिहिलेला व्यूहरचनेवरचा ग्रंथ तो वाचत होता. रांगेतल्या माणसाने कुठे वळावं, कसं मागे जावं, मागच्याने पुढे कसं यावं, हे त्यात हुकमांसकट दिलं आहे. डिसेंबर १५९४ मध्ये त्याने माउरिट्सला पत्र लिहिलं आणि सोबत आकृती काढून पाठवली. पहिल्या रांगेने एकदम बार काढायचा, मधल्या वाटांमधून मागे जायचं आणि शेवटी उभं राहून बंदूक भरायची. तोवर दुसरी रांग पुढे, मग तिसरी. दहा रांगा खोल तुकडी असली, तर शेवटची रांग बार काढेपर्यंत पहिलीची बंदूक भरून झालेली असते. भालाफेके आणि गोफणधारी रोमन सैनिक जसा मारा सतत चालू ठेवत, तसा तोड्याच्या बंदुकीनेही ठेवता येईल, हा त्याचा हिशोब. लोक हसतील, तेव्हा आधी खासगीत, आपल्या माणसांतच करून पाहा, असंही त्याने भावाला कळवलं.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. हा विचार जगात पहिल्यांदा याच माणसाला सुचला असं आजही छापलं जातं, ते खरं नाही. चीनमधला मिंग सेनापती छी जीग्वांग याने १५६० च्या सुमारास लिहिलेल्या लष्करी ग्रंथात बंदुकधाऱ्यांनी आळीपाळीने बार काढण्याची रीत आहे. खुद्द स्पॅनिश बाजूच्या मार्तीन दे एगिलुस याच्या १५९२ साली छापलेल्या पुस्तकातही रांगांनी पाळीपाळीने गोळीबार करण्याचं वर्णन येतं. नासाउच्या भावांचं श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे. ही रीत रोज घोटून घेता येईल अशी त्यांनी बसवली, आणि घोटणाऱ्या सैनिकाला पगार वेळच्या वेळी मिळेल याची व्यवस्था डच प्रांतांनी केली. पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकाकडून कुणी हिवाळाभर कवायत करून घेऊ शकत नाही.

आकडे टाकलेल्या हालचाली

दहा रांगांची ही चक्की चालायची, तर प्रत्येकाची बंदूक ठरल्या वेळात भरून व्हायला हवी. एकाचा हात अडला की मागची अख्खी ओळ अडते. शिवाय डच सैन्यात इंग्रज होते, स्कॉट होते, फ्रेंच आणि जर्मन होते. हुकूम कोणत्या भाषेत द्यायचा? बंदुकाही नाना मापांच्या. त्यातली मापांची गोष्ट आधी मार्गी लागली. १५९९ मध्ये हत्यारांची मापं ठरवून दिली गेली, मस्केटसाठी एका पौंड शिशाच्या १० गोळ्या आणि हलक्या बंदुकीसाठी २०.

माणसाच्या हालचालीचं माप ठरवायचं काम योहानने अंगावर घेतलं. बंदूक भरणं ही एक क्रिया आहे असं आपण सहज म्हणतो. त्याने ती तोडली. प्रत्येक तुकडा म्हणजे शरीराची एक स्थिती, तिला एक क्रमांक, आणि त्याचं एक चित्र. पहिल्या खेपेला भाल्याच्या १५, रुरच्या २५ आणि मस्केटच्या ३२ स्थिती झाल्या. छापील पुस्तकापर्यंत येताना त्या ३२, ४२ आणि ४३ झाल्या. भाल्याचे तुकडे दुपटीहून जास्त वाढले हे पाहून मला आधी नवल वाटलं होतं. पण दाटीत उभ्या असलेल्या माणसाने साडेपाच मीटरचा वासा खांद्यावरून उतरवणं, आडवा धरणं, टोक पायाशी रोवून घोड्याच्या छातीला नेम धरणं, यात शेजाऱ्याचं डोकं फुटायला वेळ लागत नाही.

चित्रांसाठी निवडला गेला याकोब द खेन. जन्म १५६५, अँटवर्पचा. हार्लेमला हेंड्रिक गोल्टसिउस या त्या काळच्या थोर ताम्रपटकाराकडे शिकलेला. हा लष्करी नकाशे काढणारा कारागीर नव्हे. बेडूक, उंदीर, फुलं, किडे अशा गोष्टी तो जिवंत समोर ठेवल्यासारख्या काढी. १६०० च्या जुलैमध्ये निउपोर्टच्या लढाईत शत्रूकडून हाती लागलेला पांढरा स्पॅनिश घोडा माउरिट्सला भेट मिळाला, त्याचं भलं मोठं चित्र १६०३ मध्ये द खेननेच रंगवलं. ते आज अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्या घोड्याच्या पायांच्या शिरा पाहिल्या की बंदुकधाऱ्यांची बोटं काढायला हाच माणूस का घेतला असेल ते समजतं.

दोन बोटं

पुस्तकातला श्रीमंत भाग बोटांचाच आहे. मस्केटची चित्रं क्रमाने लावून पाहिली तर काय घडतं ते सांगतो.

तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवलेली, संथ जळणारी दोरी. तिची दोन्ही टोकं पेटती, कारण एक विझलं तर दुसरं हाताशी हवं. सैनिक ती डाव्या हाताच्या बोटांमध्ये अडकवून चालतो. बार काढायची वेळ आली की एक टोक उजव्या हातात घ्यायचं, फुंकून राख उडवायची, आणि बंदुकीच्या घोड्याच्या चिमट्यात बसवायचं. मग घोडा हळूच खाली आणून पाहायचं, तोड्याचं टोक रंजकदाणीत, म्हणजे आधी पेट घेणाऱ्या दारूच्या वाटीत, बरोबर मध्यावर पडतंय का. पुन्हा एकदा फुंकर. आणि हे सगळं चालू असताना दोन बोटं रंजकदाणीच्या झाकणावर दाबून ठेवलेली, कारण फुंकरीने उडालेली एक ठिणगी आत गेली तर बार नेम धरायच्या आधीच उडेल. आता झाकण उघडायचं, दस्ता खांद्याशी, चाप.

धूर निघाला की पहिलं काम कोणतं? बंदूक पुन्हा भरणं, असं कुणीही म्हणेल. चित्र सांगतं : आधी तोडा चिमट्यातून काढ आणि डाव्या बोटांत परत ठेव. विस्तव दारूपासून दूर गेल्याशिवाय दारूला हात लावायचा नाही. मग रंजकदाणी फुंकून साफ, नवी रंजक, झाकण बंद, बंदूक झटकून वर सांडलेले कण खाली, आणि उरलेल्या कणांवर पुन्हा फुंकर. यानंतर कुठे बंदूक डाव्या बगलेला वळवून नळीत दारू जाते, गोळी जाते, गज बाहेर निघतो. गजसुद्धा थेट नळीत जात नाही. तो छातीला टेकवून, हात पुढे सरकवून आखूड धरायचा, मग ठासायचं. लांब धरलेला गज दाटीत शेजाऱ्याला लागतो आणि नळीच्या तोंडाशी चाचपडतो.

मी घरी एक जाड दांडा, एक बेचक्याची काठी आणि सुताराकडची दोरी घेऊन हे करून पाहिलं, दोरी अर्थातच न पेटवता. गज, दारू, गोळी यांचा फारसा त्रास झाला नाही. हात अडले ते डाव्या हातापाशी. त्या एकाच हाताला बंदूक सावरायची असते, बेचक्याची काठी धरायची असते आणि तोड्याची दोन टोकं एकमेकांना आणि बाहीला लागणार नाहीत अशी सांभाळायची असतात. शब्दांत हे शंभर वेळा वाचूनही उमगत नव्हतं. चित्र समोर ठेवून करंगळी कुठे आणि अंगठा कुठे ते पाहिलं, आणि तिसऱ्या खेपेला जमलं. द खेन मुद्दाम कधी पाठमोरा, कधी समोरून, कधी बाजूने सैनिक काढतो तो याचसाठी. जी बाजू त्या क्षणी महत्त्वाची, ती आपल्याकडे.

क्रमांक घातलेली ही चित्रं भाषेवाचून चालतात. म्हणून तांब्याचे तेच पत्रे वापरून डच, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन मजकुराच्या आवृत्त्या काढता आल्या.

जे पुस्तकात नाही

आता पुन्हा तीच चित्रं पाहा, पण माणसाकडे नको, त्याच्या आजूबाजूला पाहा. जमिनीची एक पट्टी, माणसाची सावली, बस्स. ११७ चित्रांत प्रत्येक सैनिक एकटा आहे. शेजारी कुणी नाही, मागे कुणी नाही. दोन ओळींमध्ये किती वाट ठेवायची, बार काढल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, शेवटच्या रांगेपर्यंत किती पावलं, हुकूम कोण देणार, मागच्याची बंदूक भरायची राहिली तर काय करायचं, यातलं काहीही नाही. विलेम लोडेवाइकच्या पत्रातली आकृती तेरा वर्षांनंतरच्या या देखण्या पुस्तकात उतरलेली नाही.

याला पुस्तकाचं अपयश म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. लांबलचक शीर्षकातच पुस्तकाने आपलं काम सांगून टाकलं आहे : कप्तानांना आणि अधिकाऱ्यांना आपल्या नव्या, न शिकलेल्या शिपायांना ही हत्यारं कशी हाताळायची ते दाखवता यावं. हे पुस्तक शिपायाच्या हातासाठी आहे. तुकडीची चाल मैदानात होती, अधिकाऱ्यांच्या डोक्यात होती, पत्रांत आणि योहानच्या हस्तलिखितांत होती. चूक आपली होते. हेगचं हे पुस्तक उघडून आपण त्यात निउपोर्टचा विजय शोधू लागतो. ती लढाईही अगदी काठावर जिंकली गेली होती, आणि तिथे तोफा आणि घोडदळ यांनी बाजू सावरली होती. नुसत्या फैरींनी ती जिंकली असं म्हणायला आधार नाही.

प्रकाशनाचं साल मला बोलकं वाटतं. योहानने हालचालींना आकडे दिले ते त्याआधी बरीच वर्षं. चित्रं छापून बाजारात आली १६०७ मध्ये, ज्या वर्षी स्पेनशी लढाई थांबवण्याचा करार झाला त्याच वर्षी. दोन वर्षांनी बारा वर्षांचा तह झाला. त्या शांततेत डच पद्धत शिकायला युरोपभरचे तरुण सरदार हेगकडे येत राहिले, आणि प्रत्येकाला घरी नेण्याजोगं काहीतरी हवं होतं.

गाळलेला अर्धा भाग छापात आला तो इतरांच्या हातून. योहान याकोबी फॉन वालहाउझेन याने १६१५ साली ओपनहाइममध्ये पायदळाच्या युद्धकलेवर जर्मन ग्रंथ काढला. त्यात हत्यारांच्या हाताळणीपासून सुरुवात करून तो तुकडीच्या रचनांपर्यंत जातो. योहानने सीगनला अधिकाऱ्यांसाठी शाळा काढली, तिचा पहिला प्रमुख हाच. १६१६ मध्ये लंडनला जॉन बिंगहॅमने एलिआनचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि डच सेवेतल्या इंग्रज सैन्याची कवायत त्यालाच जोडली. म्हणजे विलेम लोडेवाइकने ज्या ग्रंथातून कल्पना उचलली तो ग्रंथ आणि त्या कल्पनेतून झालेली कवायत एका पुस्तकात शेजारी बसायला बावीस वर्षं लागली.

प्रत समोर आली तर

लिलावाच्या याद्यांत किंवा ग्रंथालयात या पुस्तकाची जुनी प्रत दिसली, तर आधी तीन वेगळे क्रम मोजावेत : ४२, ४३, ३२. तिन्ही भागांची मोजणी एकदम केली, तर एका भागातलं हरवलेलं चित्र दुसऱ्यातल्या दुबार चित्राने भरून निघालेलं लक्षात येत नाही. चित्रं सुटी काढून चौकटीत लावण्याजोगी असल्याने ती कापली गेली, विकली गेली, आणि तुटक्या प्रती दुसरीकडच्या पानांनी पुऱ्या केल्या गेल्या. ताम्रपटाचा दाब कागदावर चौकोनी ठसा सोडतो. समास फार कापला असेल तर तो ठसाच नाहीसा होतो, आणि मग प्रत किती वेळा बांधली गेली याचा संशय घ्यावा. रंगवलेल्या प्रती देखण्या असतात, पण रंग त्याच काळातला की नंतर कुणी हौसेने भरलेला, हे पाहिल्याशिवाय भुलू नये.

शीर्षकपानावर अजून एक गंमतीचा तपशील आहे. त्यात माउरिट्सला 'ओरान्येचा राजपुत्र' म्हटलं आहे. ते पद १६०७ मध्ये त्याच्या थोरल्या सावत्र भावाकडे, फिलिप विलेमकडे होतं. माउरिट्सकडे ते आलं १६१८ मध्ये, भावाच्या मृत्यूनंतर. हे पान पाहून प्रत १६१८ नंतरची आहे असा निष्कर्ष कुणी काढला तर तो फसेल.

विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनी, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांनी, खंत करू नये. मोठ्या संग्रहालयांनी चित्रांच्या उत्तम छबी खुल्या केल्या आहेत, आणि बोटं पाहायला त्या मूळ कागदापेक्षाही सोयीच्या पडतात.

कवायत हा शब्द

मराठी वाचकाला या विषयात एक आपला धागा आहे, पण तो ताणू नये. 'कवायत' हा शब्द अरबी 'कवाइद'वरून आला, म्हणजे 'कायदा'चं अनेकवचन. नियमांनी बांधलेली हालचाल. इब्राहिमखान गारद्याची पलटणं १७६१ मध्ये पानिपतावर उभी होती, महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉइन या युरोपी अधिकाऱ्याला नोकरीत घेऊन कवायती फौज उभी केली. तोवर तोडा गेला होता, चकमकीची बंदूक आणि संगीन आली होती, भाला पायदळातून हद्दपार झाला होता. या फौजांच्या हाती द खेनचं पुस्तक होतं असं मी म्हणणार नाही. पण द बॉइन फ्रेंच सेवेतल्या आयरिश पलटणीत शिकून आला होता. हुकमासरशी एकेक स्थिती घेत बंदूक भरायची ही शिस्त युरोपच्या सैन्यांत ज्या वाटेने मुरली, तिच्या सुरुवातीला सीगन आणि हेग ही गावं लागतात. आजही शाळेच्या मैदानावर एन.सी.सी.ची मुलं 'सलामी शस्त्र'ची हालचाल आकड्यांवर तोडून शिकतात, एक, दोन, तीन.

पुढची वाट

सीगनची शाळा १६२३ मध्ये योहान वारल्यावर टिकली नाही. वालहाउझेन त्याआधीच निघून गेला होता. त्याचा ग्रंथ मात्र दूरवर पोचला. झार अलेक्सेईच्या काळात, १६४७ साली, मॉस्कोच्या सरकारी छापखान्याने त्याचं रशियन भाषांतर काढलं. धार्मिक ग्रंथ छापायला सरावलेल्या त्या छापखान्याला मजकूर जमला. ताम्रपटचित्रं तिथे होण्यासारखी नव्हती, ती हॉलंडमधून छापून आणावी लागली.